पेटीतला नकाशा: सर्व्हे नंबरापासून सेक्टरच्या भूखंडापर्यंत

नवी मुंबईच्या गावठाणांत आजही काही जुन्या घरांच्या माळ्यावर पत्र्याची पेटी असते. शेतसाऱ्याच्या पावत्या, खरेदीखत, सातबाऱ्याचे उतारे, कुळकायद्याच्या निकालाची नक्कल असं सगळं तिच्यात असतं. तळाशी एखादा कापडावर चिकटवलेला, पिवळा पडलेला, हाताने काढलेला नकाशा निघतो. वेड्यावाकड्या आकृत्या, प्रत्येकीत एक आकडा आणि कडेला बारीक अक्षरातल्या नोंदी. घर बांधायला काढलं, भावाभावांत वाटणी ठरली किंवा संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाच्या फाइलसाठी कागद मागितले की पेटी खाली उतरते. मग कुणी म्हणतं, ‘जमीनच गेली, आता कागद ठेवून काय करायचं?’ आणि नकाशा रद्दीत जातो. कुणी म्हणतं, ‘ही बघा आपली जमीन!’ आणि तो हातोहाती फिरून घडीवर फाटतो.

या दोन्ही गोष्टी टाळता येतात. मात्र जमिनीचा कुठलाही जुना कागद हाती घेताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: प्रत्येक कागद एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. जमीन कुठे होती, किती होती, कुणाची होती आणि पुढे तिचं काय झालं, हे चार प्रश्न आहेत आणि त्यांचे कागदही वेगवेगळे आहेत. एका कागदाला दुसऱ्याचा प्रश्न विचारला की घोटाळा होतो. कुटुंबातली कितीतरी भांडणं आणि फसवणुकीचे कितीतरी व्यवहार याच घोटाळ्यातून जन्मतात. म्हणून आपणही याच चार प्रश्नांच्या क्रमाने जाऊ.

आधी कागद वाचवा

पेटीतून नकाशा काढला की लगेच उलगडू नका. वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेला कागद घडीच्या रेघेवर सर्वांत कमजोर झालेला असतो. पंखा बंद करा, हात धुऊन कोरडे करा, टेबलावर स्वच्छ पांढरं सुती कापड पसरा आणि एकेक घडी दोन्ही तळहातांनी आधार देत उघडा. कागद अडला तर ओढू नका. तसाच ठेवून जाणकार माणसाची मदत घ्या.

उघडल्यावर लगेच फोटो काढा. फ्लॅश वापरू नका. खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात, कॅमेरा नकाशाच्या बरोबर वर आणि समांतर धरून काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा, म्हणजे पुढे प्रमाण कळेल. नकाशा मोठा असेल तर तुकड्यातुकड्याने फोटो घ्या आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा थोडा भाग येऊ द्या. मागची बाजूही विसरू नका. शिक्के, नक्कल दिल्याची तारीख, कारकुनाची सही बहुतेक वेळा तिथेच असते.

फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत कागदात उतरतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. एकदा प्लॅस्टिकच्या दोन थरांत वितळून बसलेला कागद पुन्हा सुटा होत नाही.

पहिला प्रश्न: जमीन कुठे होती?

याचं उत्तर गाव नकाशात मिळतं. संपूर्ण गावाची शीव, आतले सर्व्हे नंबर, गावठाण, ओढे, वाटा, तळी, विहिरी आणि शेजारच्या गावांची नावं त्यात दाखवलेली असतात. आपल्याकडच्या महसुली मोजणीचा पाया गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात घातला. 1847 च्या जॉइंट रिपोर्टने त्या पद्धतीला नियमांची चौकट दिली. शेत मोजायचं, त्याला नंबर द्यायचा, प्रतीप्रमाणे आकार (शेतसारा) ठरवायचा, हा क्रम तिथून आला. त्या मोजणीने शेताला दिलेला नंबर म्हणजेच आपण आजही बोलतो तो सर्व्हे नंबर.

नवी मुंबईसाठी गाव नकाशा वाचताना आधी तालुका नीट ओळखा. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची गावं ठाणे तालुक्यातली. खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल तालुक्यातली. जासई आणि द्रोणागिरीचा पट्टा उरण तालुक्यातला. जुन्या कागदांवर पनवेल आणि उरणपुढे ‘जिल्हा कुलाबा’ असं लिहिलेलं दिसेल. तोच आजचा रायगड जिल्हा. नाव 1981 साली बदललं. कुलाबा म्हणजे मुंबईतलं कुलाबा समजून कागद बाजूला सारू नका.

नावांखालची जमीनही वाचा. खाडीकाठच्या नकाशांवर ‘खार’, ‘खाजण’, ‘मिठागर’ असे शब्द भेटतात. भरतीचं पाणी बाहेर ठेवणारा बांध, ओहोटीला आतलं पाणी सोडणारी उघाडी आणि बांधाच्या आत पिकणारं भात, ही इथल्या आगरी शेतकऱ्याची पिढ्यान् पिढ्यांची कारागिरी. या नोंदी आज सेक्टरमध्ये फ्लॅट घेणाऱ्यालाही उपयोगाच्या आहेत. शहर वसवताना सिडको या नगरनिर्माण महामंडळाने खाडीलगत धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायचं आणि ओहोटीला खाडीत सोडायचं, असं त्यांचं काम. नेरूळचा ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ हा असाच तलाव. म्हणजे उघाडीचं जुनंच तत्त्व शहराच्या आकारात आलं. आपला सेक्टर जुन्या नकाशावर खारजमिनीत येतो की पारसिकच्या डोंगराच्या उतारावर, हे कळलं की पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं आणि का, हेही बरंच उलगडतं.

दुसरा प्रश्न: जमीन किती होती?

इथे गाव नकाशा अपुरा पडतो. त्यावर पट्टी ठेवून मोजमाप काढू नका. कागद दमटपणाने फुगतो, वाळल्यावर आक्रसतो आणि झेरॉक्समध्ये प्रमाण बदलतं. ‘किती’ याचं उत्तर टिपण आणि गुणाकार बुकात असतं.

टिपण म्हणजे मोजणीदाराने शेतावर उभं राहून हाताने काढलेलं रेखाटन. ते प्रमाणात काढलेलं नसतं, म्हणून आकृतीच्या रूपावर जाऊ नका. खरा ऐवज तिच्यावर लिहिलेल्या आकड्यांत आहे. शेतातून एक लांब सरळ रेषा धरायची आणि तिच्यापासून प्रत्येक कोपऱ्यापर्यंतचं काटकोनातलं अंतर मोजायचं, अशी ही शंकू-साखळीची पद्धत. शेताचे त्रिकोण आणि चौकोनी तुकडे करून त्यांच्या क्षेत्राची बेरीज गुणाकार बुकात मांडलेली असते.

इथली साखळी 33 फुटांची आणि तिचे 16 आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे 1,089 चौरस फूट, म्हणजेच बरोबर एक गुंठा. 40 गुंठ्यांचा एकर. हे एकदा ध्यानात आलं की टिपण बोलू लागतं. समजा, एका त्रिकोणी तुकड्याचा पाया 6 साखळ्या आणि त्यावरचा लंब ‘4-8’ लिहिला आहे. 4-8 म्हणजे 4 साखळ्या 8 आणे, अर्थात साडेचार. सहा गुणिले साडेचार सत्तावीस, त्याचे निम्मे साडेतेरा. म्हणून क्षेत्र 13 गुंठे 8 आणे. आपल्या टिपणाचा हिशेब कागद-पेन्सिलीने करून गुणाकार बुकाशी ताडून पाहा. शाळेतल्या मुलांना बरोबर घ्या. पणजोबांच्या शेताचं क्षेत्रफळ काढताना भूमिती त्यांच्या डोक्यात पक्की बसेल.

या मापाची मर्यादाही याच आकड्यांत आहे. साखळीचा एक आणा म्हणजे दोन फुटांहून थोडा जास्त. ज्या मोजणीत सर्वांत लहान माप दोन फुटांचं, तिच्या आधाराने सहा इंचांच्या बांधावरून भांडण सोडवता येत नाही. भाऊबंदकीत टिपण फडकवण्याआधी एवढा विचार करावा.

सर्व्हे नंबराचे पुढे वाटे पडले असतील तर फाळणी नकाशा आणि आकारफोड पत्रक पाहा. पोटहिस्से कसे पडले आणि त्या प्रत्येकाला किती आकार लागला, हे त्यांत असतं. नंतरच्या कागदांत माप हेक्टर-आरमध्ये येतं. 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर, 1 गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर. दोन्ही जवळजवळ सारखे असल्याने सर्रास एक मानले जातात. घरातल्या बोलण्यात हे चालेल, अर्जावर नाही.

तिसरा प्रश्न: जमीन कुणाची होती?

नकाशा मालकाचं नाव सांगत नाही. नाव असतं ते हक्कनोंदीत, फेरफारात आणि सातबाऱ्यावर. नकाशाच्या कडेला पेन्सिलीने कुणाचं नाव लिहिलेलं असेल तर तो धागा समजा, निर्णय नाही. सातबारा हासुद्धा महसुली नोंदीचा उतारा आहे. त्यावरची नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, पण मालकीचा वाद शेवटी दस्तऐवजांवर आणि न्यायालयात सुटतो.

फेरफार मात्र मागे मागे वाचत जा. प्रत्येक फेरफार नंबराशी एक घटना बांधलेली असते: वारस लागले, वाटणी झाली, खरेदी झाली किंवा कुळाचं नाव लागलं. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवसापासून कुळकायद्याने कसणाऱ्याला मालक ठरवायला सुरुवात केली. आपल्या घराण्याचं नाव त्याच सुमारास ‘इतर अधिकार’ सोडून मालकी रकान्यात आलेलं दिसलं, तर त्यामागे कुणाच्या तरी आयुष्यभराच्या कष्टांचं फळ आहे. लेकीबाळींची नावं कुठे लागली आणि कुठे गळाली, हेही याच वाचनात समोर येतं. त्याविषयी मनमोकळेपणाने घरात बोला.

जुन्या नोंदी मोडीत असतील तर अंदाजाने वाचू नका. मोडी जाणणाऱ्याकडून देवनागरीत उतरवून घ्या आणि मूळ ओळीचा फोटो त्या उताऱ्याशेजारी ठेवा.

चौथा प्रश्न: पुढे काय झालं?

नवी मुंबईची खरी गोष्ट इथे सुरू होते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना 1965 साली ‘मार्ग’ नियतकालिकात मांडली. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन या प्रकल्पाच्या कक्षेत आली. ज्या शेतांना बांध होते, नावं होती, त्यांच्यावर नोड (उपनगरं), सेक्टर आणि भूखंड आखले गेले.

संपादित जमिनीच्या मोबदल्याच्या लढ्याचं नेतृत्व शेतकरी नेते दि. बा. पाटील यांनी केलं. जानेवारी 1984 मध्ये दास्तान फाटा आणि नवघर इथे झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्याने संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतक्या विकसित जमिनीचा हक्क मिळवला. 6 मार्च 1990 आणि 28 ऑक्टोबर 1994 चे शासननिर्णय हे त्याचे मुख्य टप्पे. आपल्या फाइलमध्ये या तारखा दिसल्या की त्यांच्यामागे सांडलेलं रक्त आठवावं.

आता हिशेब. समजा, आजोबांची 2 एकर 12 गुंठे जमीन संपादित झाली. म्हणजे 92 गुंठे, सुमारे 9,308 चौरस मीटर. तिचे साडेबारा टक्के होतात सुमारे 1,163 चौरस मीटर. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी 30 टक्के कपात होते. म्हणजे मूळ जमिनीच्या पावणेनऊ टक्के, सुमारे 814 चौरस मीटर हाती उरतात. प्रत्यक्ष पात्रता भूसंपादनाच्या निवाड्यातल्या क्षेत्रावर आणि खातेदाराच्या हिश्श्यावर ठरते. भूखंड भाडेपट्ट्याने मिळतो आणि तो आपल्याच जुन्या शेतावर मिळेल असं नाही. म्हणूनच जुन्या नकाशावर बोट ठेवून ‘हा सेक्टर आमचा’ म्हणणाऱ्याकडून काहीही विकत घेऊ नका.

या प्रश्नासाठी पुढचे कागद एका धाग्यात ओवा: संपादनाआधीच्या संयुक्त मोजणीचा नकाशा, भूसंपादनाचा निवाडा, निवाड्यानंतरचा फेरफार, क्षेत्रातला बदल दाखवणारं कमी-जास्त पत्रक, सिडकोचं इरादापत्र, भूखंडाचा आखणी नकाशा आणि शेवटी भाडेपट्टा करार. प्रत्येक कागदावर सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि क्षेत्र जुळतं का, हे तपासा. एका ठिकाणी ‘हिस्सा 2’ आणि दुसरीकडे ‘हिस्सा 2 अ’ असेल तर तिथेच थांबून खुलासा मागा. फाइल बहुतेक अशाच जागी अडकते.

नकला कुठे मागायच्या

गाव नकाशा, टिपण, गुणाकार बुक आणि फाळणी यांच्या नकला तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. सातबारा आणि फेरफारासाठी तलाठी आणि तहसील कार्यालय. निवाडा आणि संयुक्त मोजणीसाठी भूसंपादन विभागाचं मेट्रो सेंटर. वाटप आणि आखणीसाठी सिडको. अर्जात ‘माझ्या जमिनीचे सर्व कागद’ असं मोघम लिहू नका. गाव, तालुका, सर्व्हे नंबर, हिस्सा आणि हव्या असलेल्या अभिलेखाचं नेमकं नाव लिहा. नक्कल प्रमाणित मागा आणि पोच घ्या.

शासनाच्या ‘महाभूनकाशा’ या संकेतस्थळावर आता नकाशे पाहता येतात. शोधाला सुरुवात करायला ते फार सोयीचे आहेत. पण हद्दीचा वाद असेल तर पडद्यावरच्या रेषेवर विसंबू नका. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा लागतो.

जुना नकाशा आजच्या शहरावर ठेवा

चार प्रश्नांची उत्तरं हाती आली की सर्वांत आनंदाचं काम करता येतं: जुना नकाशा आजच्या शहरावर बसवणं. न्यूयॉर्कमध्ये 1811 साली शेतांवर सरळ रस्त्यांची जाळी आखली गेली. पुढे जॉन रँडेल या मोजणीदाराने ती शेतं, घरं, वाटा आणि त्यांच्यावर येऊ घातलेले रस्ते असे दोन्ही एकत्र दाखवणारे 92 मोठे नकाशे हाताने काढले. त्यामुळे तिथे आजही कुठल्या चौकाखाली कुणाचं शेत होतं ते सांगता येतं. आपल्या गावासाठी हे काम आपणच करू शकतो.

नकाशाचा स्वच्छ स्कॅन घ्या आणि क्यूजीआयएस या मोफत संगणक प्रणालीत उपग्रहचित्रावर बसवा. त्यासाठी दोन्हीकडे ओळखू येतील अशा सहा-आठ जागा लागतात, आणि त्या नकाशाभर पसरलेल्या हव्यात. ग्रामदेवतेचं देऊळ, गावचं तळं, गावठाणाचा कोपरा, तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा या भरवशाच्या खुणा. देवळाचं बांधकाम नवं झालं तरी बहुधा जागा तीच असते. खाडीची कड मात्र धरू नका. भराव आणि खारफुटीमुळे ती सरकलेली असते. डोंगरही दर वेळी साथ देईलच असं नाही. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा वस्त्या उठल्या. तिथे जुना नकाशा हाच त्या भूगोलाचा साक्षीदार उरला आहे. त्या गावांतल्या कुटुंबांनी तर आपले कागद डोळ्यांत तेल घालून जपावेत.

मग ती प्रत छापून घरातल्या ज्येष्ठांसमोर ठेवा. नकाशावर शेताला फक्त नंबर असतो. त्याचं नाव आजीला माहीत असतं. कुठल्या शेताला काय म्हणायचे, उघाडी कुठे होती, जिताडा मासा कुठे सापडायचा, लावणीच्या दिवसांत कुणाच्या बांधावर भाकरी सोडली जायची, हे तिला विचारा. तिचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि प्रत्येक नाव सर्व्हे नंबराशेजारी लिहा. हे कुठल्याही कार्यालयात नक्कल मागून मिळणार नाही. यासाठी वेळही थोडा आहे. जमीन संपादित होताना ज्यांनी शेत कसलं होतं, ती पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहे.

पेटीत परत ठेवताना

मूळ नकाशा पुन्हा घडी घालून ठेवू नका. शक्य असेल तर सपाट ठेवा. मोठा असेल तर जाड नळीच्या बाहेरून गुंडाळा आणि वर धुतलेलं सुती कापड बांधा. जुन्या दफ्तरांत कागद कापडी रुमालात बांधत, ती रीत चांगली होती. पत्र्याखालचा तापणारा माळा, स्वयंपाकघर आणि ओल येणारी भिंत टाळा. पावसाळ्यानंतर एकदा उघडून कसर आणि वाळवी पाहा. उन्हात घालू नका. विशेषतः नंतरच्या काळातल्या निळ्या छपाईच्या प्रती उजेडाने फिकट होत जातात. स्कॅनच्या तीन प्रती तीन ठिकाणी, वेगवेगळ्या भावंडांकडे ठेवा. सोबत एक साधा कागद ठेवा: हा नकाशा कशाचा, कुठून मिळाला, कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि कोणत्या प्रश्नाचं देत नाही.

हे सगळं पार पडलं की एका सकाळी आजीला किंवा काकांना घेऊन त्या सेक्टरमध्ये चालत जा. हातात छापलेली प्रत ठेवा. सर्व्हे नंबरची हद्द जिथे वळते तिथे आज एखादं उद्यान असेल, शाळा असेल किंवा अनोळखी माणसांची सोसायटी. ती जमीन आता तुमची नसेल, आणि तो नकाशा ती परत मिळवून देणार नाही. पण ‘इथे आपला बांध होता’ असं नातवाला नेमक्या जागेवर उभं करून सांगता येईल. आणि तिथे नव्याने राहायला आलेल्या शेजाऱ्यालाही ते सांगा. तो ज्या मातीवर राहतो तिला सेक्टर नंबरच्या आधी नाव होतं, हे त्यालाही कळायला हवं.